थँकफुलचे माहेर

मित्रांनो, मला पाहून लगेच नाक मुरडू नका. मी कशिद्याची एक जुनी पट्टी आहे. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. रंग म्हणाल तर कोऱ्या चहाचा, आणि डाव्या कोपऱ्यावर एका उंदराने आपल्या दातांची खूण ठेवलेली. माझ्यावर निळ्या आणि विटकरी दोऱ्यांनी भरलेली चोवीस इंग्रजी अक्षरे आहेत. त्या काळी आमच्या लोकांचे तेवढ्यावर भागत असे. अक्षरांखाली वेलबुट्टी, तिच्याखाली नावे आणि सगळ्यांत खाली एक साल. त्या सालाचे शेवटचे दोन आकडे गायब आहेत. माझे स्वतःचे वय पावणेतीनशेच्या घरात आहे आणि मी ते लपवत नाही. वय लपवले की काय होते, हे मी फार जवळून पाहिले आहे.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समध्ये, कनेटिकट नदीच्या काठी, नॉर्थ मीडो नावाच्या खेड्यात झाला. तुम्ही जवसाची चटणी खाता ना, त्याच जवसाच्या देठातून लिननचा धागा निघतो. नेहेमाया हिन्सडेल नावाच्या शेतकऱ्याने ते जवस पेरले, कापले आणि तळ्यात भिजत घातले. मग इंग्लंडच्या राजाच्या लढाईचे बोलावणे आले. तो उत्तरेला फ्रेंचांचा किल्ला घ्यायला गेला आणि तिथेच तापाने वारला. ही १७४५ सालची गोष्ट. त्याची बायको एक्स्पिरियन्स हिने ते शेवटचे पीक तळ्यातून काढून वाळवले, कुटले, विंचरले आणि कातले. विणून झालेले कापड तिने पेटीत तळाशी ठेवले. सात-आठ वर्षे ते कोणासाठीही बाहेर काढले नाही.

आता थोडे मागे जायला हवे. नेहेमाया आणि एक्स्पिरियन्स यांना १७३९ साली एक मुलगी झाली होती. तिचे नाव थँकफुल, म्हणजे कृतज्ञ. दोन वर्षांची असताना घशाच्या साथीत ती गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, १७४३च्या जूनमध्ये, पुन्हा मुलगी झाली. आमच्याकडे गेलेल्या लेकराचे नाव पुढच्या लेकराला देत असत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. तेव्हा हीसुद्धा थँकफुल.

जन्म झाला की बापाने गावच्या कारकुनाकडे जाऊन नोंद करायची, अशी रीत होती. पण जून म्हणजे गवत कापणीची घाई. "एवढं गवत आत येऊ दे, मग जातो," असे नेहेमाया म्हणाला. गवतानंतर गहू आला, गव्हानंतर सफरचंदे आली. त्याचे कारकुनाकडे जाणे राहून गेले ते कायमचे. गावच्या वहीत पहिल्या थँकफुलचा जन्म लिहिलेला आहे आणि मृत्यूही. दुसरीबद्दल तिथे एक अक्षर नाही.

ही दुसरी थँकफुल दहा वर्षांची झाली तेव्हा एक्स्पिरियन्सने पेटीतले कापड काढले, त्यातून मला कापले आणि लेकीच्या हाती सुई दिली. आमच्याकडे प्रत्येक मुलीने अशी एक पट्टी भरायचीच. मुलगी त्यावरच टाके शिकायची आणि त्यावरच अक्षरे. थँकफुल जीभ बाहेर काढून टाके घालायची. नाव झाले, आईबापांची नावे झाली, आणि ती कंटाळली.

"साल कशाला गं आई? नाव आहे की."

"साल घाल. तुझं नाव तुझ्या एकटीचं नाही. टेकडीवर निजलीय तिचंही तेच आहे. सालावरूनच कळेल कोण कुठली ते."

"पण तीनचा आकडा किती वळणाचा आहे!"

"मग त्रेचाळीस साली जन्मायला नको होतंस," एक्स्पिरियन्स म्हणाली आणि चुलीवरचा घेवडा ढवळायला गेली.

तर त्या दिवशी निळ्या दोऱ्याने माझ्यावर १७४३ उमटले. मला फार थोर वाटले. बापाने पेरलेल्या आणि आईने कातलेल्या कापडावर आता लेकीचे हात फिरत होते. त्यांच्यातला एक तर केव्हाच मातीत गेला होता, तरी ते तिघे माझ्यात एकत्र नांदत होते. पाद्रीबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी मला उलटून पाहिले. आमच्या बायकांची हीच परीक्षा. टाक्यांची मागची बाजू पाहिल्याशिवाय त्या कौतुक करत नाहीत. "मागूनही स्वच्छ आहे हो," असे त्या म्हणाल्या आणि थँकफुल दोन दिवस हवेत होती.

एकोणीस वर्षे मी चुलीजवळच्या भिंतीवर राहिले. थँकफुल मोठी झाली, उंच झाली, आणि तिचे लग्न काही जमेना. शेवटी वरच्या गावाहून एलिहू वॉडम्स नावाचा गिरणीवाला आला. हसरा, रुंद खांद्यांचा, बावीस वर्षांचा. थँकफुल तेव्हा एकोणतीसची होती.

एका दुपारी तिने मला भिंतीवरून उतरवले आणि ती खिडकीपाशी सुई घेऊन बसली. मला वाटले, डागडुजी असेल. एक्स्पिरियन्स आत आली.

"काय उसवतेयस?"

"काही नाही."

"ते 'काही नाही' मला दिसतंय. आकडे उसवतेयस."

"आई, तो बावीसचा आहे. मी त्याला एकवीस सांगितलंय."

एक्स्पिरियन्स मटकन खाली बसली. "आठ वर्षं खाल्लीस, मेले, आणि ढेकरसुद्धा दिला नाहीस?"

"तो काय घोडीचे बघतात तसे माझे दात बघणार आहे?"

"दात नाही, पण ही पट्टी बघेल. भिंतीवर टांगशील ना?"

"म्हणून तर उसवतेय!"

दोघी खूप हसल्या. एक्स्पिरियन्सला डोळे पुसावे लागले. मग ती म्हणाली, "उसव बाई. तुझा संसार होऊ दे. पण ती कोण आणि तू कोण, हे आता मलाच तेवढं ठाऊक."

"आणि मला नाही का?"

"तुला आहे. पण आपल्या दोघींनंतर?"

थँकफुलने चार उसवला, मग तीन उसवला, आणि निळे दोरे चुलीत टाकले. मित्रांनो, मला दुखले नाही. पण राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही. जिथे टाके होते तिथे बारीक भोके राहिली. तिने त्यांच्यावरून नख फिरवून ती दाबायचा प्रयत्न केला. लिनन इतके सहज विसरत नाही.

लग्न झाले आणि थँकफुल दोन दिवसांच्या वाटेवरच्या वरच्या गावात राहायला गेली. तिथे तिला लहानपणापासून ओळखणारे कोणी नव्हते. ती एकोणपन्नास वर्षे तिथे सुखाने नांदली, आणि तेवढी वर्षे तिने आठचा हिशेब एकदाही चुकू दिला नाही. ती गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. एलिहूने भाबडेपणाने दगडावर कोरून घेतले: 'थँकफुल, एलिहू वॉडम्स याची पत्नी, वय सत्तर.' माहेरचे नाव त्यावर नाही. आमच्याकडे ते कोरत नसत. मी भिंतीवरून हे सगळे ऐकत होते आणि मला तोंड नव्हते.

पुढे मी लेकीकडून लेकीकडे जात राहिले. अक्सा, लव्हायना, फिल्युरा, हॅरिएट, मिनी. एकीने मला काचेच्या चौकटीत बसवले आणि जत्रेतल्या प्रदर्शनात मांडले. तिथे मला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली. एकीने मागे देवदाराची फळी ठोकली, तिच्या चिकाने माझी पाठ भाजली. मिनीने मला माळ्यावर टाकले, जुन्या घड्याळाशेजारी. तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. फळीच्या फटीतून शिरलेल्या उंदराची भेट तिथलीच.

याच काळात त्या वरच्या गावचा जुना इतिहास छापला गेला. तो लिहिणाऱ्या गृहस्थांनी दगडावरच्या वयातून थँकफुलचे जन्मसाल काढले १७५१. नेहेमाया तर त्याआधी सहा वर्षे वारलेला. मग लग्नाच्या नोंदीत हिन्सडेल आडनाव आले कुठून? त्यांनी सरळ लिहून टाकले: 'ही बाई बहुधा हिन्सडेलांच्या घरी वाढलेली मोलकरीण असावी. आईबाप अज्ञात.'

ही एक ओळ फार लांबपर्यंत गेली. मिनीची लेक ईडिथ लग्न करून एका कुलाभिमानी घरात पडली. तिची सासू जेवणाच्या टेबलावर बटाट्यांचे भांडे पुढे सरकवता सरकवता म्हणायची, "आमच्याकडे निदान सगळ्यांच्या आईबापांची नावं तरी माहीत आहेत." ईडिथने मग मला माळ्यावरून खाली आणले, एक वही केली, आणि नदीकाठच्या प्रत्येक गावच्या कारकुनाला पत्र लिहिले. चाळीस वर्षे लिहिले. वहीत तिने लेकीपासून आईकडे वर वर जात सगळी नावे लिहिली. थँकफुलच्या वरची ओळ कोरी होती.

तिची लेक विल्मा तिची थट्टा करायची. "मेलेल्यांना एवढी पत्रं लिहितेस, आणि जिवंत लेकीला एक फोन होत नाही तुला!" ईडिथ पंचाण्णव वर्षांची होऊन गेली. शेवटच्या आठवड्यात ती विल्माला म्हणाली, "ती कुणाची तरी होती गं. बिनआईबापाचं कोणी नसतं." विल्मा तेव्हा हो हो म्हणाली. वही तिने वर्षभराने उघडली. आणि मग तिला आईचा तो ध्यास जो लागला तो लागलाच.

विल्माने तीस वर्षे गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवली होती. ती आता एकोणऐंशीची आहे, आवाज मोठा, हात राकट. गेल्या हिवाळ्यात ती मला काखोटीला मारून इतिहास मंडळाच्या खोलीत शिरली. तिथे अँसेल बर्बँक बसलेला. गणिताचा निवृत्त मास्तर, तिचा शाळेतला सोबती. गावाच्या नव्या इतिहासाचे काम त्याच्याकडे होते आणि पुढच्या सोमवारी पुस्तक छपाईला जाणार होते.

"तू 'आईबाप अज्ञात' पुन्हा छापणार आहेस म्हणे," विल्मा उभ्या उभ्या म्हणाली.

"बस तरी. मी काय दुष्ट आहे का? पण पुरावा नको? नोंदवहीत नेहेमायाची थँकफुल एकच, ती दोन वर्षांची असताना गेली. तुझी थँकफुल दगडाप्रमाणे बाप गेल्यावर सहा वर्षांनी जन्मली. यातली कुठली घेऊ, सांग."

"मग थँकफुलच्या आणि या आईबापांच्या नावांची ही पट्टी कोणी भरली? भुतानं?"

"आईनं भरली असेल. गेलेल्या बाळाची आठवण म्हणून. करायचे तसं."

"आणि आकडे?"

"झिजले."

"बाकीचं सगळं शाबूत आणि नेमके दोन आकडे झिजले? अँसेल, मी तीस वर्षं रस्ते पाहिलेत. रस्ता आपोआप कुठे खचला आणि कोणी कुठे खणला, ते मला गाडीत बसून कळतं. हे खणलंय."

अँसेलने चष्मा पुसला. "समजा खणलंय. मग खाली एकोणचाळीस निघालं, तर ते गेलेलं बाळ. वाद मिटला. चालेल?"

विल्माने एक क्षण डोळे मिटले. चाळीस वर्षांची पत्रे, ती सासू, ते बटाट्यांचे भांडे, सगळे माझ्या वीतभर अंगावर येऊन ठेपले होते. आणि मला उत्तर ठाऊक असून बोलता येत नव्हते.

"चालेल," ती म्हणाली. "काढ चौकटीतून."

खिळे गंजलेले होते. काच निघाली, ती चिकाची फळी निघाली, आणि शंभर वर्षांनी माझ्या पाठीला वारा लागला. बाहेर भर दुपार होती आणि गुडघाभर बर्फावर ऊन पडले होते. विल्माने मला अलगद दोन्ही तळव्यांवर घेतले आणि दक्षिणेच्या खिडकीसमोर उभे धरले.

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते मी कधी विसरणार नाही. प्रकाश माझ्या आरपार आला. जिथे दोरे होते तिथे तो अडला आणि जिथे दोरे नव्हते, जिथे थँकफुलच्या सुईने अडीचशे वर्षांपूर्वी नुसती भोके ठेवली होती, तिथून तो टिपक्या टिपक्यांनी बाहेर पडला. इतकी वर्षे मी त्या भोकांना जखम समजत होते. त्यांच्यातून दिवस दिसेल हे माझ्या स्वप्नीही नव्हते.

मग अँसेलने चौकटींचा कागद ओढला. "हलू नकोस. मी मोजतो." एका टाक्याची चार भोके, त्यांची कागदावर एक फुली. तो मास्तर होता. घाई त्याला माहीत नव्हती. आधी एक तिरकी रेघ उमटली. मग एक आडवी. मग आडवीला छेदून जाणारी उभी. इंग्रजी तीनला असली उभी रेघ नसते.

"चार," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"चार आहे, विल्मा! थांब, पुढचा... वळण, पुन्हा वळण... तीन. सतराशे त्रेचाळीस." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "पहिली गेल्यावर दोन वर्षांनी. बाप जिवंत असताना. दोघी होत्या! दुसरीला पहिलीचं नाव दिलं होतं. आणि मी गाढव! या गावात एका घरात ओळीनं तीन एबेनेझर झाले, हे मीच मागच्या पुस्तकात छापलंय."

"आणि दगडावरचे सत्तर?"

"नवरा कितीचा होता?"

विल्माने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ती एकदम खो खो हसायला लागली. "सात वर्षांनी लहान! अगं चोरटे, वय चोरलंस होय! आणि माझ्या आईला चाळीस वर्षं पत्रं लिहायला लावलीस!" हसता हसता ती रडायलाच लागली, आणि तरी तिचे हात हलले नाहीत. मी तिच्या तळव्यांवर तशीच ताठ उभी होते.

मग अँसेल म्हणाला, "म्हण आता सगळ्या. पहिल्यापासून."

"मी विल्मा. माझी आई ईडिथ. तिची मिनी. तिची हॅरिएट. तिची फिल्युरा. तिची लव्हायना. तिची अक्सा. तिची थँकफुल." इथे ती थांबली. तिची आई आयुष्यभर इथेच थांबत आली होती. "थँकफुलची आई एक्स्पिरियन्स," ती म्हणाली.

"एक्स्पिरियन्सची आई हेप्झिबा," अँसेल लगेच म्हणाला. तो कपाटातून कागद काढत होता. "नॉर्थ मीडोच्या लोकांना या कधीपासून ठाऊक आहेत. हेप्झिबाची आई सबमिट. सबमिटची आई जोन, ती जहाजातून आली, पोटात ही सबमिट. जोनच्या आईचं नाव समुद्रापलीकडच्या एका देवळाच्या वहीत आहे. ॲग्नेस."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. मला वाटायचे, थँकफुलपासून सगळे सुरू झाले, कारण मी तिच्यापासून सुरू झाले. पण तिच्या मागे या सगळ्या उभ्याच होत्या, कागदात, नावानिशी. कोणी तरी दार उघडेल म्हणून थांबलेल्या. आणि दार अडले होते कशाने, तर निळ्या दोऱ्याच्या दोन आकड्यांनी.

हल्ली मी मंडळाच्या एका सपाट खणात पडून असते. अंगाखाली स्वच्छ पांढरा कागद आहे, ऊन नाही, फळी नाही, उंदीर तर नाहीच. माझे बरे चालले आहे. पण तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल, जुने लुगडे, पितळी डबा, मागे काही खरडलेला फोटो, तर त्याला फेकण्याआधी एकदा उलटून पाहा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचे माहेरचे नाव विचारा, तिच्या आईचेही विचारा, आणि पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवा. 'नंतर लिहू' म्हणणारा एक भला माणूस मी पाहिला आहे. त्याचे गवत वेळेवर घरात आले, पण लेकीची नोंद राहिली.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. अँसेलने पुस्तकातली ती ओळ खोडली आणि थँकफुलच्या नावापुढे तिचे आईबाप लिहिले. विल्माने कोट चढवला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"त्या पहिलीचं काय?"

"कुठल्या?"

"दोन वर्षांची गेली ती. तिचं पुस्तकात काही आहे?"

"तिला वंश नाही, विल्मा. वंश नसलेली मुलं आपण या पुस्तकात घेत नाही."

"म्हणूनच म्हणते. तिला शोधत तुझ्या दारात कधीच कोणी येणार नाही. लिही तिला. वेगळ्या ओळीत."

अँसेलने पुन्हा पेन उचलले. "थँकफुल हिन्सडेल, जन्म सतराशे एकोणचाळीस, मृत्यू सतराशे एक्केचाळीस. झालं?"

"नाही. पुढे लिही, हिचं नाव हिच्या धाकट्या बहिणीनं अठ्ठ्याहत्तर वर्षं सांभाळलं."

"हे नोंदीत बसत नाही."

"बसतं," विल्मा म्हणाली. अँसेलने तिच्याकडे पाहिले, आणि त्याने ते लिहिले.